शूमाकरने थांबायचं कधी?

पुनरागमन केलेल्या विजेत्याने आता थांबावं का, असं कुणी विचारलं की आपण पहिल्यांदा गुणतक्ता उघडतो. फॉर्म्युला वनच्या मायकेल शूमाकरचा उघडून बघा. मर्सिडीजकडून 2010 मध्ये 72 गुण, 2011 मध्ये 76, 2012 मध्ये 49. संघात तशीच गाडी चालवणाऱ्या निको रोझबर्गचे 142, 89 आणि 93. सात जगज्जेतेपदं आणि 91 विजय गाठीशी असलेल्या माणसाची ही अवस्था! म्हातारा झाला, थांबायला हवं होतं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण या तीन आकड्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि वयाचा संबंध असलाच तर तो शेवटच्या वर्षाशी आहे. तोही आपण समजतो तसा नाही.

आधी 2010. शूमाकर 2006 च्या अखेरीस निवृत्त झाला आणि 41 व्या वर्षी परत आला. मधल्या काळात खेळाचं सामानच बदललं होतं. तो गेला तेव्हा टायरांना खाचा होत्या, आता गुळगुळीत स्लिक. फेरारीत असताना ब्रिजस्टोन कंपनी त्याच्या गाडीला मानवतील असे टायर घडवायची. आता सगळ्यांना एकच. त्यात 2010 पासून शर्यतीत इंधन भरणं बंद झालं, त्यामुळे सुरुवातीलाच टाकीत दीडशे किलोच्या वर इंधन घेऊन सुटायचं. आणि पुढच्या टायरची रुंदी 270 मिलिमीटरवरून 245 वर आली.

हे 25 मिलिमीटर नीट लक्षात घ्या. शूमाकरची वळण घेण्याची पद्धत अशी की ब्रेक पूर्ण सोडायच्या आतच गाडी वळवायला घ्यायची. पुढच्या चाकांनी रस्ता घट्ट धरायचा, मागची बाजू जरा सुटली तरी चालेल, ती तो सांभाळायचा. सगळी मदार पुढच्या टायरवर. तोच अरुंद झाला की स्टिअरिंग फिरवूनही नाक वळत नाही. मग ड्रायव्हर आणखी फिरवतो, टायर आडवा घासतो, तापतो आणि उरलीसुरली पकडही जाते. त्या वर्षीची मर्सिडीज मुळातच पुढून कमजोर. स्पेनच्या शर्यतीला संघाने व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, वाढवून वजनाची विभागणी सुधारायचा प्रयत्न केला. पण खोट पुरती गेली नाही. रोझबर्गला अशी गाडी तितकी खटकत नव्हती. ती गोंजारत चालवायची त्याला सवय होती.

यावर जुना इलाज म्हणजे सराव. फेरारीचा फियोरानोचा ट्रॅक कारखान्याच्या दारातच. वाटेल तेव्हा जाऊन फेऱ्या मारायच्या. पण 2009 पासून हंगाम सुरू असताना चाचण्यांना बंदी आली. 2010 ला हाती होते फेब्रुवारीतले 15 दिवस, तेही दोघांत वाटून. तेव्हा त्या हंगामानंतर त्याने निवृत्त व्हावं असा जो ओरडा झाला, तो मला अन्यायाचा वाटतो. हंगेरीत त्याने प्रतिस्पर्धी बारिकेलोला भिंतीकडे दाबलं, त्याबद्दल बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत दहा जागा मागून सुटण्याचा दंड झाला. तो रास्तच होता. पण तो स्वभावाचा दोष, वयाचा नव्हे. 1994 मध्ये हिलशी धडकून जेतेपद घेतलं, तेव्हाही तो तसाच होता.

पुढच्या वर्षी रोझबर्गशी फरक 13 गुणांवर आला. स्पाला क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे सुटण्याच्या जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत, चाक निखळलं, शेवटून, 24 व्या जागेवरून सुटला आणि पाचवा आला. ग्रेटर नोएडाला, भारतातल्या पहिल्या शर्यतीत, तो पाचवा आणि रोझबर्ग सहावा. एव्हाना तो गाडी शिकला होता.

मग 2012 मध्ये 49 गुण कसे? पहिल्या सात शर्यतींत त्याचे दोन गुण, रोझबर्गचे 67. ऑस्ट्रेलियात चौथ्या जागेवरून सुटला, गिअरबॉक्स गेला. चीनमध्ये पिट स्टॉपला, टायर बदलायला थांबला तेव्हा, चाक नीट आवळलं गेलं नाही, शर्यत संपली. ती शर्यत रोझबर्गने जिंकली. मोनॅकोत इंधनाचा दाब गेला. कॅनडात मागच्या पंखाची डीआरएसची, म्हणजे सरळ रस्त्यावर वेग वाढवणारी, झडप उघडीच अडकली. यातलं एकही खापर ड्रायव्हरवर फुटत नाही. उलट मोनॅकोच्या क्वालिफायिंगमध्ये 43 व्या वर्षी सगळ्यांत वेगवान वेळ त्याची, 1 मिनिट 14.301 सेकंद. व्हॅलेन्सियात तिसरा. म्हणजे एका फेरीचा वेग शाबूत होता. तो सगळ्यांत शेवटी जातो.

मोनॅकोला तो पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, सुटला नाही, कारण स्पेनमध्ये ब्रूनो सेनाच्या गाडीला मागून धडकल्याचा पाच जागांचा दंड बाकी होता. माझ्या मते खरा पुरावा इथे आहे. सिंगापूर 2011, पेरेझला मागून. स्पेन 2012, सेनाला मागून. सिंगापूर 2012, व्हर्नला मागून. तिन्ही वेळा पुढच्या गाडीने ब्रेक कुठे मारला याचा अंदाज चुकला. एकट्याने फेरी मारताना ब्रेकचा बिंदू ठरलेला असतो, पाठ करता येतो. पुढची गाडी जीर्ण टायरवर असेल तर तिला ब्रेक आधीच मारावा लागतो. तिचा बिंदू तिथल्या तिथे, क्षणात वाचावा लागतो. ही चूक एकदा झाली तर अपघात. दीड वर्षाच्या आत तीनदा झाली की विचार करावा लागतो. त्या तक्त्यात नसलेली एवढी एक ओळ मी मोजतो, आणि तिच्या आधारावर 2012 च्या अखेरीस थांबणं योग्य होतं असं म्हणतो.

असाच परतलेला जगज्जेता निकी लाउडा, त्याच्याशी तुलना हटकून होते. तो 1982 ला परतला, तिसऱ्याच शर्यतीत जिंकला, 1984 चं जेतेपद संघातल्याच प्रॉस्टपुढे अर्ध्या गुणाने घेतलं. पण तो दोनच हंगाम दूर होता, आणि 1984 ची मॅक्लारेन बाकीच्यांच्या फार पुढे होती. पुढच्या वर्षी गाडी सारखी बंद पडत गेली तेव्हा त्याने ऑस्ट्रियात, हंगाम अर्ध्यावर असताना, निवृत्ती जाहीर केली आणि त्यानंतर नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला जिंकलाही.

शूमाकरचं इथे चुकलं. पुढच्या वर्षीची जागा संघाला वेळेत भरावी लागते. ड्रायव्हर निर्णय लांबवत राहिला की संघ दुसऱ्याशी बोलणी करतो. मर्सिडीजने 28 सप्टेंबरला त्याच्या जागी लुईस हॅमिल्टनचं नाव जाहीर केलं. शूमाकरने निवृत्ती सांगितली ती 4 ऑक्टोबरला, जपानमधल्या सुझुकामध्ये. व्हर्नच्या धडकेचा दहा जागांचा दंड तिथेच भोगायचा होता. 23 व्या जागेवरून सुटला, 11 वा आला. गुण दहाव्यापर्यंतच मिळतात.