ऑर्डर म्हणजे मागणी नव्हे

मित्रहो, साठ्याचा विषय निघाला की चर्चा हमखास एकाच वळणावर येऊन थांबते. मागणीचा नेम नाही, अंदाज चुकतात, म्हणून एका गोदामात माल पडून राहतो आणि दुसऱ्यात तोच माल ऐन वेळी मिळत नाही, असे सांगितले जाते. मागणी हलती असते, यात वाद नाही. परंतु ग्राहकाच्या खरेदीत जेवढे चढउतार असतात, त्याहून कितीतरी मोठे चढउतार कारखान्याच्या दारात येऊन पोचतात, आणि मधली ही वाढ ग्राहकाने केलेली नसते. ती साखळीत काम करणाऱ्या आपण सर्वांनी केलेली असते. मला आज मुख्यतः हेच मांडायचे आहे, आणि ते हिशोब करून मांडायचे आहे.

एक साधी साखळी घेऊ: किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एका वस्तूचे दर आठवड्याला १०० नग विकले जातात. तिन्ही व्यापाऱ्यांचा नियम एकच आहे, की त्या आठवड्यात जेवढी मागणी आली त्याच्या दुप्पट साठा आठवड्याअखेर हाताशी असावा. म्हणजे सुरुवातीला प्रत्येकाकडे २०० नग आहेत. हिशोब सोपा राहावा म्हणून मागवलेला माल त्याच आठवड्यात मिळतो असे धरू. आता ग्राहकांची मागणी ११० वर गेली आणि तिथेच स्थिरावली. विक्रेत्याला विकलेले ११० नग भरून काढायचे आहेत आणि साठाही २२० वर न्यायचा आहे, म्हणून तो १३० मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला मागणी दिसते ती १३० ची. त्याला साठा २६० वर न्यायचा असल्याने तो १९० मागवतो. वितरकाला १९० दिसतात, आणि त्याच नियमाने तो कारखान्याकडे ३७० नगांची ऑर्डर पाठवतो. पुढच्या आठवड्यात ग्राहक पुन्हा ११० नगच नेतात. विक्रेता ११० मागवतो, घाऊक व्यापाऱ्याला ७० पुरतात, आणि वितरकाला १४० चा साठा हवा असताना त्याच्याकडे ३१० नग पडून असल्यामुळे तो काहीच मागवत नाही. ग्राहकाने दहा नग जास्त नेले. कारखान्याने एका आठवड्यात ३७० ची ऑर्डर पाहिली आणि लगेच पुढच्या आठवड्यात शून्य.

यात कोणाचीही चूक दाखवता येत नाही, आणि म्हणूनच हा प्रकार इतका चिवट आहे. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला. फक्त प्रत्येकाने आपल्या हाती आलेल्या ऑर्डरलाच मागणी समजले. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी ही वाढत जाणारी लाट १९५८ मध्ये सविस्तर मांडली. पुढे तिला ‘बुलव्हिप’ हे नाव रूढ झाले, कारण चाबकाची मूठ किंचित हलवली तरी टोक जोरात उसळते. मी वर धरलेली सोय काढून टाकली आणि माल यायला काही आठवडे लागतात असे मानले, तर चित्र आणखी बिघडते. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये एका साखळीच्या खेळातील निर्णय तपासून दाखवले, की वाटेत असलेला, म्हणजे मागवलेला पण अजून न आलेला माल माणसे पुरेसा हिशोबात धरत नाहीत. माल दिसत नाही म्हणून ती पुन्हा मागवतात, आणि मग दोन्ही ऑर्डरी एकापाठोपाठ येऊन पोचतात.

हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ मध्ये या लाटेची चार कारणे सांगितली. ऑर्डरींवरून अंदाज बांधणे हे पहिले, ते आपण आत्ताच पाहिले. ऑर्डरी साठवून महिन्याअखेर एकदम टाकणे आणि सवलतीच्या दिवसांत गरजेपेक्षा जास्त उचल करणे, ही दोन कारणे येथील प्रत्येकाच्या परिचयाची असतील. चौथे मात्र मला सर्वांत गंभीर वाटते. टंचाईच्या काळात पुरवठादार ऑर्डरच्या प्रमाणात माल वाटू लागला, की १०० नग हवे असलेला ग्राहक २०० नोंदवतो, आणि तेही दोन ठिकाणी. पुरवठादार त्या फुगलेल्या आकड्यावर कच्चा माल घेतो. टंचाई सरते आणि ऑर्डरी एका रात्रीत रद्द होतात. दूरसंचार यंत्रसामग्रीच्या बाजारात असेच घडले, आणि मागणी कोसळल्यावर सिस्को कंपनीला २००१ मध्ये सुमारे २.२५ अब्ज डॉलरच्या साठ्याची किंमत खात्यातून उतरवावी लागली. यावरचा उपाय अंदाजाच्या गणितात नाही. टंचाईत ताज्या ऑर्डरींऐवजी मागील विक्रीच्या प्रमाणात वाटप केले, तर आकडा फुगवण्याचे कारणच उरत नाही.

आता सुरक्षित साठ्याकडे, म्हणजे अनिश्चिततेसाठी जादा ठेवलेल्या मालाकडे येतो, कारण तिथेही दोष चुकीच्या जागी टाकला जातो. समजा रोजची सरासरी मागणी ५० नग आहे, तिचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून ती साधारण किती हलते याचे माप, १० आहे आणि माल यायला ठरलेले ९ दिवस लागतात. एका फेरीत माल कमी न पडण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल, तर १.६४५ (९५ टक्क्यांसाठीचा संख्याशास्त्रातील गुणांक) गुणिले १० गुणिले ९ चे वर्गमूळ, म्हणजे साधारण ४९ नगांचा सुरक्षित साठा पुरतो. परंतु पुरवठादार कधी ७ दिवसांत, कधी ११ दिवसांत देत असेल आणि लीड टाइमचे, म्हणजे माल यायला लागणाऱ्या वेळेचे, प्रमाण विचलन २ दिवस असेल, तर तोच साठा १७२ वर जातो. आता असे समजू, की भरपूर खर्च करून तुम्ही मागणीचा अंदाज अगदी अचूक केलात, त्यातील अनिश्चितता शून्यावर आणलीत. तरीही साठा १६५ च्या खाली येत नाही. अंदाज सुधारून सातेक नग वाचले. पुरवठादार वेळेवर येऊ लागला असता तर १२३ वाचले असते. मी अनेक बैठकांत बसलो आहे, जिथे अंदाजाच्या नव्या सॉफ्टवेअरवर तासभर चर्चा झाली आणि माल प्रत्यक्ष किती दिवसांत येतो याची नोंद कोणाजवळच नव्हती.

हे सूत्र सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. यंत्रांच्या सुट्या भागांना महिनोन्महिने मागणी नसते आणि मग एकदम चार नग लागतात. अशा वेळी दरमहा सरासरी अर्धा नग, या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यासाठी मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधील अंतर यांचा वेगवेगळा अंदाज घेण्याची पद्धत सुचवली, आणि ती आजही कामाला येते.

अशाच सुट्या भागांच्या एका गोदामात मी काही दिवस काउंटरमागे बसलो होतो. एक मेकॅनिक जुना, झिजलेला बेअरिंग कापडात गुंडाळून घेऊन आला. काउंटरवरच्या मुलाने त्यावरचा क्रमांक वाचला, स्क्रीनवर पाहिले, ‘संपलाय’ म्हणाला, आणि मेकॅनिक निघून गेला. स्क्रीनवर काहीच उमटले नाही. त्या आठवड्यात तोच क्रमांक विचारणारी आणखी दोन माणसे आली. महिन्याअखेरच्या अहवालात त्या बेअरिंगची विक्री शून्य होती, आणि विक्री शून्य म्हणून पुढची ऑर्डरही शून्य निघाली. जिथे साठाच नव्हता तिथली विक्री म्हणजे मागणी नव्हे. आम्ही काउंटरवर एक साधी वही ठेवली, आणि परत गेलेल्या प्रत्येक माणसाने काय मागितले ते तारखेसह लिहू लागलो. दोन महिन्यांनी खरेदीची यादी ठरवताना पहिल्यांदा ती वही उघडली गेली.

तुमच्याकडे काय स्थिती आहे हे पाहायचे असेल, तर एका वस्तूच्या गेल्या वर्षातील आठवडेवार विक्रीचे आकडे एका रकान्यात आणि तुम्ही पुढे पाठवलेल्या ऑर्डरींचे आकडे शेजारच्या रकान्यात मांडा. दोन्ही रकान्यांचे प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) काढा आणि ऑर्डरींच्या प्रचरणाला विक्रीच्या प्रचरणाने भागा. उत्तर एकच्या आसपास आले, तर तुमच्याकडे आलेला चढउतार तुम्ही तसाच पुढे दिला. ते चार किंवा सहा आले, तर एकच्या वरचा सगळा भाग तुमच्याच कार्यालयात तयार झाला आहे, आणि तो शोधायला बाजारात जावे लागणार नाही.