काळा गुडघा

(ऑपरेशन थिएटर. दिव्याखाली उघडलेला गुडघा.)

नीट बघा. हाडांच्या टोकांवरची ही कूर्चा पांढरी, चकचकीत असायला हवी. इथे ती कोळशासारखी काळी आहे. संसर्ग नाही, गाठ नाही. चिमटा लागला की कपचे निघतात, इतकी ती ठिसूळ झाली आहे.

(काचेच्या नळीतली लघवी.)

आता ही नळी. ताजी लघवी नेहमीसारखी पिवळसर. हवा लागत राहिली की वरून गडद होत जाते, शेवटी काळी पडते. गुडघ्यातला काळेपणा आणि हा काळेपणा एकाच आम्लाचा, होमोजेंटिसिक आम्लाचा. प्रथिनांतलं टायरोसिन शरीरात टप्प्याटप्प्यानं मोडलं जातं. अल्काप्टोन्युरिया या आजारात त्यातल्या एका टप्प्याचं एन्झाइम जन्मापासून काम करत नाही. आम्ल तिथंच साचतं. बरंचसं लघवीवाटे जातं, उरलेलं वर्षानुवर्षं कूर्चेत मुरतं. सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. तो आनुवंशिक आहे, हे ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ सालीच मांडलं होतं.

तरीही कित्येकांचं निदान या टेबलावर होतं. लंगोटावरचे काळपट डाग आईनं पाहिलेले असतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी ठिपके, कानाच्या कूर्चेवर निळसर झाक, तिशीत सुरू झालेली कंबरदुखी. खुणा होत्या. एकत्र जोडून कुणी पाहिल्या नाहीत.

(हाड कापताना. नवा सांधा बसवताना.)

काळा थर हाडाच्या पातळ चकतीसह निघतो. टोकं मापात कापून त्यावर धातूचे भाग बसतात, मधे पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा थर. नव्या सांध्यात कूर्चाच नाही, त्यामुळे आम्लाला मुरायला जागा नाही. नेहमीच्या संधिवातात असतो तसाच चांगला गुण इथेही येतो. अवघड असते ती भूल: मणका ताठरलेला, कंबरेत सुई सहज जात नाही.

पुढे दुसरा गुडघा, खुबे, खांदे. कधी हृदयाची झडपही.

(गोळ्यांची बाटली.)

नायटिसिनोन हे औषध होमोजेंटिसिक आम्ल तयार होण्याआधीचाच टप्पा अडवतं. युरोपात २०२० साली ते या आजाराच्या प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झालं. रक्तातलं टायरोसिन वाढतं, म्हणून आहार आणि डोळे सांभाळावे लागतात. काळी पडलेली कूर्चा मात्र ते पूर्ववत करत नाही. म्हणूनच रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची लघवी तपासा. प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे.