म्हातारपाखाडीचा क्रूस

(दृश्य: संध्याकाळ. गल्लीत शिरणारा कॅमेरा.)

माझगाव. डॉकयार्ड रोड स्टेशनापासून थोडंसंच चालायचं. ट्रकांचे हॉर्न मागे पडतात, गल्ली अरुंद होत जाते. लाकडी जिने, सज्जे, कौलं. ही म्हातारपाखाडी, मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचं जुनं गावठाण. लोकमान्यांचे सहकारी काका बाप्टिस्टा इथलेच.

आणि हे क्रूसाचं प्रार्थनाघर. इथली माणसं त्याला ऑरेटरी म्हणतात. मिस्सेला, म्हणजे धर्मगुरूंच्या उपासनाविधीला, मोठ्या चर्चमध्ये जायचं. इथे शेजारपाजारच्यांनी जमायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

ते उभं कसं राहिलं? १८९६चा सप्टेंबर. गोदीजवळच्या मांडवी भागात माणसं तापाने फणफणू लागली. काखेत गाठ, जांघेत गाठ, आणि चार दिवसांत खेळ खलास. हा प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. शहरात पळापळ झाली. लाखो लोक गावाकडे निघाले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला. घराघरांची झडती, आजाऱ्याला उचलून नेणं. लोकांना रोगाइतकीच या पथकांची धास्ती. इथून जवळच, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगवरची लस तयार करत होते. जानेवारीत त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण वस्त्यांपर्यंत औषध पोहोचायच्या आधी प्रेतं निघत होती.

त्या काळात मुंबईच्या गावठाणांत ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. कुणी साकडं घालायला उभारला, कुणी जीव वाचला म्हणून. म्हातारपाखाडीचं हे प्रार्थनाघर वाचलेल्यांनी बांधलं. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलं होतं, त्यांनीच.

(दृश्य: हात, जवळून.)

रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मण्यांची पाच दशकं, दर दशकाला दहा मणी. अंगठा मण्यावर टेकतो, ओठ हलतात, मणी पुढे सरकतो. एक बाई पुढे म्हणतात, बाकीचे मागून साथ देतात. या बाईंना कुणी नेमलेलं नाही. शेजारीण म्हणून त्या पुढे म्हणतात, आणि मला वाटतं, सव्वाशे वर्षं हे असंच टिकलं आहे.

मधल्या काळात रस्त्यालगतच्या काही क्रूसांना पाडण्याच्या नोटिसा आल्या. गावठाणांभोवती टॉवर चढले, कित्येक घरं विकली गेली.

(दृश्य: मे महिना. फुलांनी मढवलेला क्रूस.)

मे महिन्यात गावठाणांतले क्रूस सजतात. झेंडूच्या माळा, मेणबत्त्यांची रांग. वितळलेलं मेण दगडावर ओघळून गोठतं, त्यावरच पुढची मेणबत्ती चिकटवायची. लदीन, म्हणजे क्रूसापुढची सामूहिक प्रार्थना, संपते. पातेल्यावरचं झाकण निघतं, आणि पोरांच्या ओंजळीत उकडलेले गरम चणे पडतात.