मंगळ चुकला की तास चुकतो

(दृश्य: टेम्पी, ॲरिझोना. रणरणती दुपार, सहापदरी रस्ता. बसथांब्यावर पाठीला सॅक अडकवलेली पाच-सहा मुलं.)

टेम्पीत मंगळावर बसायला पैसे पडत नाहीत. शुक्रावरही नाहीत. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या या गावात नगरपालिकेच्या छोट्या बस वस्त्यावस्त्यांतून फुकट फिरतात. सेवेचं नाव ऑर्बिट, आणि मार्गांना नावं ग्रहांची: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू. पुण्या-नाशिकहून एम.एस.ला आलेल्या पोरांना मंगळ माहीत असतो तो पत्रिकेतला, लग्न अडवणारा. इथला मंगळ चुकला तर सकाळचा तास चुकतो.

बसची एवढी मिजास का सांगायची? तर हे सगळं फिनिक्स महानगर मोटारीच्या हिशेबानं आखलेलं आहे. मोठे रस्ते एकमेकांपासून मैला-मैलावर, मधे बैठी घरं, प्रत्येक दुकानापुढे पार्किंगचं मैदान. दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. अशा ठिकाणी विशी-पंचविशीतली माणसं गाडीवाचून दिवस काढताहेत.

ही एकट्या टेम्पीची गोष्ट नाही. मिशिगन विद्यापीठातले संशोधक मायकेल सिवाक आणि ब्रँडन शॉटल यांनी देशभरच्या लायसन्सची आकडेवारी तपासली. १९८३ साली अमेरिकेतल्या सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्क्यांकडे लायसन्स होतं. २०१४ साली २५ टक्क्यांकडेही नव्हतं. सोळाव्या वर्षाचं सोडा, वीस ते चोवीस वयोगटातही प्रमाण ९२ वरून ७७ टक्क्यांवर आलं होतं.

(दृश्य: फोनमध्ये डोकं घालून बसलेला तरुण, लाइट रेलच्या, म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामसारख्या गाडीच्या डब्यात.)

यावर वडीलधाऱ्यांचं निदान ठरलेलं: पोरं फोनमध्ये बुडाली. दुसऱ्या टोकाला, या पिढीला पृथ्वीची काळजी आहे म्हणून कौतुक करणारेही भेटतात. याच दोघा संशोधकांनी २०१३ साली लायसन्स नसलेल्या १८ ते ३९ वयाच्या लोकांनाच कारणं विचारली. ३७ टक्के म्हणाले, वेळ नाही. ३२ टक्के म्हणाले, गाडी बाळगणं परवडत नाही. ३१ टक्क्यांना कोणी ना कोणी सोडायला होतं. पर्यावरणाचं नाव काढणारे निघाले ९ टक्के. एकाहून जास्त कारणं सांगायची मुभा असताना!

परवडत नाही, म्हणजे किती? ट्रिपल ए ही तिथली वाहनचालकांची जुनी संघटना दरवर्षी हिशेब मांडते. नवी गाडी वर्षाला पंधरा हजार मैल चालवली तर विमा, इंधन, देखभाल, कर्जाचं व्याज आणि गाडीची घटणारी किंमत धरून २०२३ साली खर्च येत होता १२ हजार १८२ डॉलर. महिन्याला हजार. वर्षाचे रुपयांत दहा लाखांच्या आसपास. आपल्याकडे तेवढ्यात नवी गाडी दारात येते, तिकडे ती वर्षभर नुसती पोसायला लागतात. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल, तर पहिली काट कुठं मारायची हे वेगळं सांगायला नको.

त्यात कायद्यानं सोळाव्या वर्षाची मजाच काढून घेतली. अठराच्या आतल्या नवशिक्या चालकाला ॲरिझोनात पहिले सहा महिने मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत एकट्यानं गाडी चालवता येत नाही, आणि घरची भावंडं सोडली तर अठराखालचा एकच सोबती बसवता येतो. मित्रांची टोळी घेऊन भटकायचं, यासाठीच तर पोरं गाडी मागायची. अपघात टाळायला हा नियम हवाच. पण आता टोळी उबर बोलावते. टेम्पीच्या रस्त्यांवर तर स्टीअरिंगमागे कोणीच नसलेली वेमोची टॅक्सीही येते.

(दृश्य: कल्डीसॅक. पांढऱ्या भिंती, अरुंद गल्ल्या, दारांपुढे सायकली.)

अपाचे बुलेवार्डवरची ही वसाहत पाहा. नाव कल्डीसॅक, जागा १७ एकर. २०२३ साली पहिले भाडेकरू राहायला आले. रहिवाशांच्या गाड्यांसाठी इथं पार्किंग नाही. नगरपालिकेनं तशी सूट दिली, म्हणून हे बांधता आलं. एरवी दर घरासाठी गाडीची जागा ठेवणं भागच असतं. समोर लाइट रेलचं स्टेशन, २००८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मार्गावरचं, आणि भाडेकरूंना प्रवासाचा पास फुकट. आवारात किराणा दुकान आहे, मेक्सिकन हॉटेल आहे. इमारती मुद्दाम खेटून बांधल्यात, म्हणजे गल्लीत सावली पडते. ती लागतेच. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्या उन्हात बसची वाट पाहायची म्हणजे दहा मिनिटंही भारी. सायकलचं कौतुक करणाऱ्यांनी ती जुलैत इथं एकदा चालवून बघावी.

मग मोटारीचे दिवस भरले का? २००१ ते २००९ या काळात अमेरिकेतल्या १६ ते ३४ वर्षांच्या लोकांचं सरासरी ड्रायव्हिंग २३ टक्क्यांनी घटलं, तेव्हा बऱ्याच जणांनी तसं जाहीर करून टाकलं. पुढे २०१९ साली ख्रिस्तोफर निटेल आणि एलिझाबेथ मर्फी या अभ्यासकांनी उत्पन्न, कुटुंब, राहण्याचं ठिकाण सारखं धरून पिढ्यांची तुलना केली. मिलेनिअल्सची, म्हणजे साधारण १९८० ते १९९५ च्या दरम्यान जन्मलेल्यांची, गाड्यांची हौस आईबापांपेक्षा फारशी कमी निघाली नाही. लग्न उशिरा, मूल उशिरा, घर उशिरा, गाडीही उशिरा.

(दृश्य: चँडलर. चिप कारखान्याचं फाटक, पाळी सुटलेली. गाड्यांची रांग.)

टेम्पीच्या दक्षिणेला चँडलरमध्ये इंटेलचे कारखाने आहेत. फिनिक्सच्या उत्तर टोकाला टीएसएमसी या तैवानी चिप कंपनीचा. लाइट रेल यातल्या एकाही फाटकापर्यंत जात नाही. काल मंगळासाठी धावणाऱ्या पोराला तिथं नोकरी लागली, की आधी शोध सुरू होतो जुन्या कोरोलाचा नाहीतर सिव्हिकचा. गाडी त्याच्या नावावर झाली, की जुन्या रूममेट्सना त्याची आठवण दर शनिवारी येऊ लागते. इंडियन स्टोअरमधून तांदळाची वीस पौंडांची पोती आणायची असतात, आणि पेट्रोलचे पैसे स्प्लिटवाइज या हिशेबाच्या ॲपवर पाच जणांत वाटले जातात.