स्वस्त सराउंड रिसीव्हर आणि त्याच्या मालकांचे अभिप्राय

श्रोतेहो, नमस्कार.

घरात सराउंड ध्वनी बसवायचे मनात आले, की पहिला प्रश्न रिसीव्हरचा येतो, आणि बेताच्या किमतीचा रिसीव्हर निवडताना बहुतेक जण तो आधीच घेतलेल्यांचे अभिप्राय वाचतात. वाचता वाचता ते गोंधळून जातात. एकाच मॉडेलबद्दल एक मालक लिहितो की आवाजात जीव नाही, संवाद ऐकूच येत नाहीत; दुसरा लिहितो की खिडक्यांची तावदाने थरथरली. या दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. दोघांच्या घरी रिसीव्हर तोच आहे; स्पीकर, खोली, बसण्याची जागा आणि खोलीनुसार केलेली यंत्राची जुळणी मात्र वेगवेगळी आहे, आणि अभिप्राय लिहिताना हे सारे वगळून यश किंवा अपयश एकट्या रिसीव्हरच्या नावावर टाकले जाते. अशा अभिप्रायातले कोणते विधान खरोखर रिसीव्हरविषयीचे आणि कोणते त्या मालकाच्या खोलीविषयीचे, हे कसे ओळखावे, याबद्दल आज बोलणार आहे.

रिसीव्हरचे काम मुळात दोन भागांचे असते. डिस्क, टीव्ही किंवा गेमच्या यंत्राकडून आलेला डिजिटल संकेत उलगडणे हा पहिला भाग, आणि उलगडलेला प्रत्येक प्रवाह त्या त्या स्पीकरला पुरेल इतका वाढवणे हा दुसरा. ५.१ या आकड्यातील पाच म्हणजे समोरचे डावा, उजवा व मधला आणि बाजूचे किंवा मागचे दोन स्पीकर. पॉइंट एक म्हणजे सुमारे १२० हर्ट्झच्या खालच्या गडगडाटासाठी राखलेला स्वतंत्र प्रवाह, जो सबवूफर या खास खालच्या स्वरांच्या स्पीकरकडे जातो. पहिल्या भागाच्या बाबतीत स्वस्त आणि महाग यांत आता फारसे अंतर उरलेले नाही. डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मूळ ध्वनीत काहीही न गाळणारे प्रकार आज प्रारंभिक श्रेणीतले रिसीव्हरही उलगडतात, आणि उलगडून निघणारे आकडे सगळीकडे सारखेच असतात. म्हणून स्वस्त यंत्राचे डिकोडिंग, म्हणजे हे उलगडणे, सुमार आहे असे कोणी लिहिले, तर त्या अभिप्रायाला मी फार वजन देत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या भागात, म्हणजे शक्तीत आणि जोडणीच्या सोयींत.

शक्तीबद्दल जितके लिहिले जाते तितके कशाबद्दलच लिहिले जात नाही, आणि गैरसमजही तिथेच सर्वाधिक आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॉटचा आकडा पुष्कळदा एकच चॅनेल, म्हणजे एकाच स्पीकरचा प्रवाह, चालू ठेवून, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर, ६ ओहमच्या भारावर (ओहम हे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचे माप) आणि बऱ्यापैकी विकृती, म्हणजे मूळ ध्वनीतला बिघाड, चालवून घेऊन मोजलेला असतो. तेच यंत्र दोन चॅनेल एकदम चालू ठेवून, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, ८ ओहमवर आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृतीत मोजले, की आकडा बराच खाली येतो. पाचही चॅनेल एकदम पूर्ण जोरात चालवले, तर तो आणखी घसरतो, कारण पाचांना पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो. अमेरिकेत १९७४ साली ॲम्प्लिफायरच्या, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या यंत्राच्या, शक्तीचे दावे कसे मोजावेत याचा नियम करावा लागला तो अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे, आणि २०२४ मध्ये तो दुरुस्त करून ८ ओहमचा भार, पूर्ण पट्टा आणि १ टक्क्याहून कमी विकृती या अटी पक्क्या कराव्या लागल्या. म्हणून एखाद्या मालकाने केवळ खोक्यावरच्या आकड्याच्या आधारे एक यंत्र दुसऱ्याहून बलवान ठरवले असेल, तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत का, एवढे आधी पाहावे.

पण त्याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ७० वॉट आणि ९० वॉट यांतला फरक जेमतेम १ डेसिबल भरतो, आणि तो चित्रपट पाहताना सहसा कोणाच्या लक्षातही येणार नाही. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर तो किती आवाज देतो ते, मात्र सर्रास ८४ पासून ९० डेसिबलपर्यंत बदलते, आणि हा ६ डेसिबलचा फरक चौपट शक्तीच्या बरोबरीचा आहे. ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॉटवर, मध्यम आकाराच्या खोलीत ३ मीटरवर बसलेल्या माणसाला ८० डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि साध्या संभाषणाची पातळी ६० च्या घरात असते. म्हणजे रोजच्या पाहण्यात प्रत्येक चॅनेलला एखादा वॉटदेखील लागत नाही. मोठी शक्ती लागते ती क्षणभराच्या स्फोटाला. तेव्हा यंत्र दुबळे आहे अशी तक्रार वाचली, की मी प्रथम त्या मालकाचे स्पीकर कोणते आणि तो किती अंतरावर बसतो हे शोधतो. ते लिहिलेलेच नसेल, तर पुढे जातो. ४ ओहमचे, कमी संवेदनशील स्पीकर जोडून मोठ्या दिवाणखान्यात यंत्र आपोआप बंद पडते असे कोणी लिहिले, तर ती तक्रार उपयोगाची आहे: संरक्षक यंत्रणा आपले काम करते आहे आणि जोडी जुळलेली नाही, हे तिच्यातून कळते.

याच संदर्भात एक गमतीची तक्रार नेहमी दिसते. आवाजाचा आकडा उणे २० पर्यंत न्यावा लागतो, म्हणजे यंत्रात दम नाही, असे लोक लिहितात. तो आकडा दम मोजत नाही. जुळणी झालेल्या रिसीव्हरवर शून्य म्हणजे चित्रपटगृहातील संदर्भपातळी, जिथे एकेका स्पीकरचे शिखर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. घरात उणे २० वर समाधान होणे हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे.

आता आपोआप जुळणीकडे वळू, कारण अभिप्रायांतला निम्मा राग आणि निम्मे कौतुक तिथूनच निघते. रिसीव्हरसोबत एक लहान मायक्रोफोन येतो. तो बसण्याच्या जागी ठेवला, की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा ध्वनी सोडते आणि अंतर, पातळी व स्वरांचा समतोल ठरवते. डेनॉनमध्ये या पद्धतीला ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी म्हणतात. मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, स्टँडवर ठेवून, पंखे बंद करून मोजणी केली तर निकाल चांगला येतो. तो सोफ्याच्या पाठीला टेकवून किंवा हातात धरून केलेली मोजणी पुढचे सगळे बिघडवते. नीट मोजल्यावरही दोन गोष्टी लोकांना खटकतात. पहिली, सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले जाते. ती बहुधा चूक नसते; सबवूफरमधील इलेक्ट्रॉनिक भागांमुळे त्याचा ध्वनी किंचित उशिरा निघतो, आणि यंत्र तो उशीर अंतराच्या भाषेत नोंदवते. तो आकडा हाताने दुरुस्त करणारे आपलेच नुकसान करून घेतात. दुसरी गोष्ट मात्र खरोखर बदलण्यासारखी आहे. जरा मोठे स्पीकर दिसले की यंत्र त्यांना ‘लार्ज’ ठरवते आणि सगळा खालचा स्वर त्यांच्याकडेच पाठवते. तिथे ‘स्मॉल’ निवडून ८० हर्ट्झवर विभागणी करावी. खालचा जड भाग स्वतःची शक्ती असलेल्या सबवूफरकडे जातो आणि स्वस्त रिसीव्हरवरचा मोठा बोजा उतरतो. आवाज मोकळा झाला, स्वच्छ झाला, असे कित्येक मालक पुढे लिहितात ते बहुधा या एका बदलानंतर.

खालच्या श्रेणीतल्या काही मॉडेलांत ही जुळणी सबवूफरच्या स्वरसमतोलाला हात लावत नाही, फक्त पातळी आणि अंतर ठरवते. ही खरी मर्यादा आहे आणि ती अभिप्रायांत क्वचितच नीट मांडलेली असते. बास घुमतो, एवढेच लिहिलेले असते. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर भिंतींच्या मध्ये उभा राहतो, आणि तो कुठे फुगतो, कुठे नाहीसा होतो हे बसण्याच्या जागेवर ठरते. घुमण्याचे कारण खोली असेल तर रिसीव्हर बदलून ते जात नाही. सबवूफर हातभर सरकवून पुष्कळदा जाते.

संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार सार्वत्रिक आहे. संवादांचा बहुतांश भाग मधल्या स्पीकरमधून येतो. तो स्पीकर मुळातच लहान असेल, टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असेल किंवा गुडघ्यांकडे तोंड करून ठेवलेला असेल, तर रिसीव्हर कितीही चांगला असला तरी शब्द पुसटच राहतात. त्या चॅनेलची पातळी २-३ डेसिबल वाढवणे आणि रात्री ध्वनीचा आवाका, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर, कमी करणारी सोय चालू करणे, हे दोन्ही उपाय स्वस्तातल्या स्वस्त यंत्रातही असतात.

टीव्हीचा आवाज पाचही स्पीकरमधून येत नाही, फक्त दोनातूनच येतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. एआरसी जोडणीवर, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेने रिसीव्हरकडे परत आणणाऱ्या सोयीवर, टीव्हीने पीसीएम (आधीच उलगडलेला ध्वनी) पाठवले तर दोनच चॅनेल जातात; बिटस्ट्रीम (न उलगडलेला संकेत) किंवा ऑटो निवडले की पाच जातात. ईएआरसी या तिच्या वाढीव रूपाची सोय २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत आली, आणि तिच्याशिवाय यंत्र टाकाऊ आहे असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धेच बरोबर आहे. स्ट्रीमिंगवर येणारा ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही ऐकू येणारा डॉल्बीचा, ध्वनी डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतो. डिस्कचे यंत्र थेट रिसीव्हरला जोडले, तर ईएआरसीची गरजच पडत नाही. सगळी यंत्रे टीव्हीलाच जोडणाऱ्या माणसाला मात्र ती सोय हवी.

ज्या तक्रारींचा खोलीशी संबंध नसतो त्या मी काळजीपूर्वक वाचतो. मागच्या स्पीकरसाठी दाबाच्या क्लिपा असून त्यांत जाड तार किंवा बनाना प्लग बसत नाही. सबवूफर सोडून इतर चॅनेलचे प्री-आउट (न वाढवलेला संकेत बाहेर देणारी जोडणी) नसल्यामुळे पुढे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येत नाही. मेनू टीव्हीच्या पडद्यावर न दिसता यंत्रावरच्या इवल्याशा पट्टीवर वाचावा लागतो. टीव्ही चालू होताना चित्र काही सेकंद जाते. अशी विधाने एका माणसाने केली तरी पुरे, कारण ती प्रत्येक घरात सारखीच खरी ठरतात. यंत्र तापते, हे विधान मधल्या जातीचे आहे. एबी वर्गाचा, म्हणजे अशा रिसीव्हरांत सहसा असणारा, ॲम्प्लिफायर तापणारच. त्यावर मोकळी जागा न ठेवता बंद कपाटात कोंबला, तर आतील कपॅसिटर आणि एचडीएमआयचा भाग लवकर म्हातारा होतो. लिहिणाऱ्याने तो कुठे ठेवला आहे हे सांगितले नसेल, तर निष्कर्ष काढू नये.

अभिप्राय कधीचा आहे हेही पाहावे. पहिल्या आठवड्यात लिहिलेला अभिप्राय हा खरेदीच्या आनंदाचा किंवा जुळणीच्या त्राग्याचा असतो. २०२० मध्ये बाजारात आलेल्या काही रिसीव्हरांच्या एचडीएमआय २.१ चिपमध्ये दोष निघाला. गेमच्या नव्या यंत्रांचा १२० हर्ट्झचा ४के संकेत त्यांतून धड जात नव्हता. ज्यांच्याकडे तशी यंत्रे नव्हती त्यांनी पूर्ण गुण दिले, आणि तेही प्रामाणिकपणे. पुढे काही कंपन्यांनी वेगळा ॲडॅप्टर दिला, काहींनी आतील बोर्ड बदलून दिले. तेव्हा मला दोन-तीन वर्षे वापरलेल्यांचे चार ओळींचे म्हणणे नव्या मालकाच्या लांबलचक स्तुतीपेक्षा अधिक कामाचे वाटते.

जाता जाता जुन्या यंत्रांविषयी. वरच्या श्रेणीतला, पण दहा-बारा वर्षांपूर्वीचा रिसीव्हर नव्या स्वस्त रिसीव्हरच्या मोलाने मिळतो, आणि त्याच्या मालकांचे जुने अभिप्राय फार अनुकूल असतात. त्यांतले ॲम्प्लिफायरबद्दलचे म्हणणे आजही लागू आहे. जोडणीबद्दलचे कालबाह्य झाले आहे. एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे संरक्षण नसलेल्या रिसीव्हरमधून ४के डिस्कचे पूर्ण दर्जाचे चित्र पुढे जात नाही. दोन एचडीएमआय आउटपुट असलेला डिस्कप्लेअर जवळ असेल तर चित्र एका तारेने टीव्हीकडे आणि ध्वनी दुसऱ्या तारेने रिसीव्हरकडे देऊन ही अडचण टाळता येते. तसा प्लेअर नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर नवा, साधा, पाच चॅनेलचा रिसीव्हर घेऊन उरलेली रक्कम मधल्या स्पीकरवर खर्च करावी.

नमस्कार.