१५६६ किलोहर्ट्झ: जागलीचा सोबती

(काळोख. हरभऱ्याचं वावर. मचाणाच्या बल्लीला टांगलेला रेडिओ. लांबून टिटवी.)

हा रेडिओ इथे गाणी ऐकायला टांगलेला नसायचा. तो डुकरांसाठी असायचा.

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. जागलीला निघताना आबाजी टॉर्च घेत, काठी घेत आणि कातडी कव्हरातला हा डबा खांद्याला अडकवत. "मानसाचा आवाज असला का डुक्कर वावरात घुसत नाही. त्याइले वाटते, कोनी जागी हाये." रोही, म्हणजे नीलगाय, मात्र कुणाच्याच बापाला भीत नाही, हेही ते लगेच सांगून टाकत.

त्यामुळे आबाजींचा हिशेब वेगळा होता. दहाला विविध भारतीवर छायागीत, साडेदहाला आपकी फरमाइश. अख्खा देश कान देऊन बसलेला, आणि हे वैतागलेले. गाण्यानं डुक्कर हटत नाही म्हणे, बोलणं पाहिजे. फरमाइशीतली नावं ते आवडीनं ऐकत, कारण तेवढा वेळ कुणीतरी बोलत असे. (फरमाइशींसाठी गाजलेल्या झुमरी तलैया गावाबद्दल इथे काही सांगत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे.)

खरा प्रश्न त्यानंतरचा. मध्यरात्रीच्या सुमाराला एकेक केंद्र शुभरात्री म्हणून निजायचं. उरायची नुसती खरखर. मग आबाजी चकती अगदी उजव्या टोकाकडे फिरवत. १५६६ किलोहर्ट्झ.

(हायवे, रात्र. बुटीबोरीकडे जाणारे ट्रक.)

आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली, आणि मुद्दाम रात्रीसाठीच. निवेदक दिल्लीत बोलायचा, पण त्याचा आवाज आभाळात फेकणारं प्रक्षेपक यंत्र आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, नागपूरजवळ बुटीबोरीला होतं. त्याची ताकद एक हजार किलोवॉट. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाच एचपीच्या अडीचशेहून जास्त मोटरी एकदम चालू केल्यासारखं. पहाटेपर्यंत ठरावीक वेळाने बातम्या, मधे गाणी, गप्पा. आबाजींना हिंदी बातम्या समजत, इंग्रजी नाही. डुकरांना दोन्ही चालत.

(नदीकाठ. सूर्य बुडतो.)

मीडियम वेव्हला रात्रच का मानवते, याचं कारण डोक्यावर आहे. दिवसा उन्हामुळे वातावरणात वर एक थर तयार होतो आणि तो या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या, शंभर किलोमीटरपलीकडच्या थरांवर आपटून पुन्हा जमिनीवर येतात, शेकडो कोसांवर. म्हणून रात्री आवाज लाटेसारखा चढायचा, उतरायचा. आमच्या वावरातला हाच निवेदक युरोपातले हौशी लोकही थंडीच्या रात्री कानाला यंत्र लावून पकडत.

आबाजींना थरबीर ठाऊक नव्हते. रेडिओ कुठे तोंड करून ठेवायचा हे ठाऊक होतं. आतली एरियलची कांडी आडवी असते, डबा थोडा वळवला की आवाज खुलतो किंवा पार मरतो. शेतीची रात्रपाळीची लाइन, म्हणजे वीज, आली आणि शेजारच्या वावरात मोटरीचा स्टार्टर दाबला की रेडिओत 'कट्ट'. आभाळ निरभ्र दिसत असताना मधेच चरचर सुरू झाली तर ते उठून गंजीवर ताडपत्री टाकत. कुठेतरी वीज चमकतेय, हे रेडिओला आधी कळायचं.

सेल मंदावले की दुसऱ्या दिवशी ते पत्र्यावर उन्हात ओळीनं मांडलेले. त्यांना कुणी हात लावायचा नाही.

जानेवारी २०१९ मध्ये प्रसार भारतीने खर्चाचं कारण देऊन ही सेवा बंद केली. आबाजी त्याआधीच गेले होते.

(सकाळ. तेच वावर. झाडाला बांधलेला छोटा भोंगा.)

आता आमच्या वावरात मोबाइलवरून भरलेला कुत्र्याचा आवाज भोंग्यातून रात्रभर वाजतो. तेच चार भुंकणं, पुन्हा पुन्हा. डुकरांना ते महिनाभरात कळलं. हरभरा निम्मा गेला.

(घर. भिंतीवरचा खिळा.)

रेडिओ अजून खिळ्याला आहे. सेल काढून ठेवलेत, फुटून पाणी सुटू नये म्हणून. स्प्रिंग दाबायला आबाजींनी घडी करून घातलेला विडीच्या बंडलाचा कागद मात्र आत तसाच आहे. काटा उजवीकडे, १६००च्या जरा अलीकडे.