आधी संत्रं, मग पेन्सिल

(नागपुरातल्या पालक मेळाव्यातलं व्याख्यान, संपादित)

विषय मोठा दिलाय, 'खेळातून सूक्ष्म कारक विकास', म्हणजे हाताबोटांच्या बारीक हालचाली जमू लागणं. मला मात्र एकच गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल नको, संत्रं द्या.

गेल्या जूनमध्ये आमच्या पुतणीच्या मुलाची वही घरी आली. पोरगा सव्वातीन वर्षांचा. चार पानं 'अ' काढायचा आणि खाली लाल शाईत शेरा: 'पकड कमजोर, घरी सराव घ्या.' तो पेन्सिल मुठीत धरून, अख्खा खांदा हलवत रेघ ओढत होता. कागद फाटला, तो रडला. आजी म्हणाली, "काहून छळता लेकराले?" आजीचं शंभर टक्के बरोबर होतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात, एक्स-रेत बहुधा एकही दिसत नाही. त्यांतली सात साधारण सहा-सात वर्षांपर्यंत एकेक करून दिसू लागतात, आठवं त्याच्याही नंतर. ताबाही आधी खांद्यावर येतो, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. तीन बोटांची पकड बहुतेकांना चार-पाचच्या सुमारास जमते. मग हा लाल शेरा कुणासाठी?

आता संत्रं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा आंबिया बहार उतरलाय, आणि आपल्या संत्र्याची साल सुटी असते. देठाशी तुम्ही थोडी उकलून द्या. पुढे मूल अंगठा आत घालतं, एका हाताने फळ फिरवतं, दुसऱ्याने साल ओढतं. दोन हात दोन वेगळी कामं करतात, हे केवढं मोठं शिक्षण! मग फोडीवरचे पांढरे धागे चिमटीत धरून काढायचे, बिया वेगळ्या करायच्या. मागून कुणीतरी म्हणतंय, सोफ्याला डाग पडतात. अहो, जुना 'लोकमत' अंथरा आणि खाली बसवा! फक्त सोलून हातात देऊ नका. तेवढी वीस मिनिटं त्याची आहेत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगते. कणकेचा गोळा मळू द्या. चिमट्याने कापसाचे बोळे उचलू द्या. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा लाकडी नंदी विकत सजवून आणू नका, गोंड्यांची माळ त्यालाच ओवू द्या. खडू द्यायचा तर तुकडा द्या, तो मुठीत धरता येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. कागद भिंतीवर लावा, उभ्याने काढताना मनगट आपोआप वर वळतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हापासून आपल्याकडे खेळातून शिकवणं चालू आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांसाठी तेच म्हटलंय. शाळेत जाऊन हे ठामपणे सांगा.

तीन वर्षांच्या आतल्यांना मणी, बिया, चणे देऊ नका, घशात अडकतात. आणि वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरत असेल, दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा, वाट पाहू नका.